खोलीची शांतता, दोन मिनिटं

४ जून

ती. ताईस,

नमस्कार. फोनचा नाद मी सोडला. मागच्या वेळी मी तुझ्या गुडघ्याचं विचारत होतो आणि तू दूधवाल्याला शिव्या देत होतीस. तेव्हा आता पत्रच.

मी हल्ली काय करतो ते तू दर वेळी विचारतेस आणि मी "ग्रंथालयात असतो" म्हणून टाळतो. आज नीट सांगतो. तळमजल्यावर, पुस्तकबांधणीच्या खोलीमागे, एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे चारशेच्या वर कॅसेट आहेत. गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी, त्यांच्याच आवाजात. वीस वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेने त्या घरोघरी जाऊन घेतल्या. आम्ही सगळे त्यांना मुलाखतबाई म्हणायचो. आता त्या नाहीत. कॅसेट खराब होण्याआधी मी एकेक लावतो, कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि कोण काय बोललं याचं कार्ड करतो. दिवसभर कानाला हेडफोन. घरात एक कान गेलेला माणूस आणि एक कानावर पोट भरणारा, अशी आपली गंमत.

बाईंची एक पद्धत होती. मुलाखत संपली की त्या म्हणायच्या, "आता दोन मिनिटं खोलीची शांतता घेते." प्रत्येक खोलीचा आपला एक आवाज असतो, पंख्याचा, भिंतींचा, तो असला की पुढे कॅसेट साफ करताना उपयोगी पडतो. बाईंना दमा होता. आपला श्वास त्यात येऊ नये म्हणून त्या मशीन चालू ठेवून स्वतः खोलीबाहेर जायच्या. जुन्या कार्डांवर शेवटी एकच शब्द असतो, "शांतता". तेवढा भाग आजवर कोणी ऐकलेलाही नाही.

आता खरी गोष्ट. काल एकशे ब्याऐंशी नंबरची कॅसेट लावली आणि आवाज ओळखीचा वाटला. बाबांच्या कारखान्याचा मॅनेजर. साहेब. पावणेदोन तास स्वतःचं कौतुक आहे. स्फोटाला त्याने दीड मिनिट दिलं. म्हणाला, "बॉयलरवाल्याच्या हलगर्जीपणामुळे दोन माणसं गेली. मी त्याला तुरुंगात जाऊ दिलं नाही, नुसतं कामावरून काढलं." मी तिथे कॅसेट थांबवली. आणि वर ऐक, ऑगस्टमध्ये ग्रंथालय नव्या श्रवणकक्षाला त्याचं नाव देतंय.

बाकीची कॅसेट उद्या ऐकतो. गोळ्या वेळेवर घे.

तुझा
बारक्या


११ जून

बारक्यास,

आशीर्वाद. गोळ्या घेते. गोळ्या घेऊन मरणार नाही, तो माणूस जिवंत असेपर्यंत तर नाहीच.

तू तेव्हा चार वर्षांचा होतास, म्हणून तुला हे नुसतं ऐकून ठाऊक आहे. मी बारा वर्षांची होते. बाबांना अक्षर येत नव्हतं. दर शनिवारी ते बॉयलरची वही घरी आणायचे. वाफेचा दाब किती, पाणी किती, झडप ठीक की नाही, ते बोटं मोजून सांगायचे आणि मी लिहायचे. स्फोटाआधीचे तीन शनिवार त्यांनी एकच तक्रार लिहून घेतली. चौकशीत ते तेवढंच सांगत राहिले, मी तक्रार दिली होती, मी तक्रार दिली होती. वहीत ती नव्हती. भाजलेल्या हातांचा माणूस सगळ्यांसमोर खोटारडा ठरला.

पुढचं तुला ठाऊक आहे. वाण्याच्या दुकानात बायका आईला पुढे जायला वाट द्यायच्या, आदराने नाही, अंग लागू नये म्हणून. माझी शाळा सुटली. पंधराव्या वर्षी मी मागाच्या शेडमध्ये उभी राहिले आणि एकतीस वर्षं तिथेच खटखट ऐकली. माझे कान म्हातारपणाने गेलेले नाहीत. ते त्या माणसाने घेतले. आणि तो तुमच्याकडे श्रवणकक्षाला नाव देतोय. ऐकायच्या खोलीला, बारक्या. हसावं की दगड उचलावा.

मला त्याचं काही बरं व्हायला नको आहे. भर सभेत त्याचं तोंड काळं झालेलं हवंय. उरलेली कॅसेट शेवटपर्यंत ऐक. वहीबद्दल तो काही बोलला का, ते मात्र शब्दन् शब्द लिहून कळव. दुसरं काही नसलं तरी चालेल.

ताई


१८ जून

ती. ताईस,

नमस्कार. शेवटपर्यंत ऐकली. बसून वाच.

दोन मिनिटं शांतता म्हणून बाई बाहेर गेल्या. खोलीत साहेब आणि त्याचा मेव्हणा. दोघांना वाटलं मशीन बंद झालं. आमच्या पद्धतीप्रमाणे मिनिट-सेकंद समासात टाकून उतरवतोय.

०.०० बाई : "आता दोन मिनिटं खोलीची शांतता घेते. हलू नका." दार लागतं. कोणी बोलत नाही.
०.२१ मेव्हणा : "वहीचं काही विचारलं नाही ना हिनं?"
०.२६ साहेब : "काय विचारणार? वही चौकशीच्या कागदांत आहे. स्वच्छ."
०.३४ मेव्हणा : "झडपेचं तो आधी बोलला होता ना पण?"
०.३८ साहेब : "तीनदा. तीन आठवडे डोकं खाल्लं माझं. माल वेळेत द्यायचा होता, बॉयलर कुठे थंड करत बसू?"
१.१७ साहेब : (हसतात) "जुनी वही भट्टीत गेली. संपलं."
१.२५ कपबशीचा आवाज. कोणी बोलत नाही.
१.५८ दार उघडतं. बाई : "झालं. आभारी आहे."

म्हणजे बाबा खरं बोलत होते. मी हे तीनदा ऐकलं आणि मग जिन्याखाली जाऊन रडलो, पन्नाशी उलटलेला माणूस. शिपायाने पाणी आणून दिलं.

ताई, आपल्याला जे हवं होतं ते मिळालं. आता वाटतं, एवढं पुरे. हे आपल्या दोघांत राहू दे. तसंही त्याची लेखी परवानगी नसल्यामुळे ही कॅसेट अजून बंद पेटीतली आहे, बाहेर ऐकवता येत नाही. तो आज ना उद्या जाईल. मग बघू. तुझं रक्तदाबाचं लक्षात घेऊन सांगतोय.

बारक्या


२४ जून

बारक्या,

माझं रक्त माझ्याकडे राहू दे.

तुझा कागद मी दोन दिवस पुढ्यात ठेवला होता. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवलं आणि साहेबाचं ते "तीनदा"पासूनचं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. सावकाश म्हटलं, घाईत म्हटलं. दहा सेकंदांच्या वर जात नाही. म्हणजे अठ्ठेचाळीसला संपलं. तुझी पुढची ओळ एक-सतराची. जिथे कोणी बोललं नाही तिथे तू "कोणी बोलत नाही" असं लिहितोस, एवढा तू काटेकोर. मग मधली तीस सेकंद कुठे गेली?

तू एक जागा गाळलीस. मला कळतं रे. उतरवून काढताना गाळलेली ओळ मी लांबून ओळखते, कारण मीही एकदा गाळली होती.

आता ऐक. हे मी आईलाही सांगितलं नाही.

स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी आई इस्पितळात बाबांजवळ होती. घरात तू आणि मी. साहेब आला. बूट न काढता आत आला आणि खाटेवर बसला. पिशवीत जुनी वही आणि एक कोरी वही. म्हणाला, जुनी वाफेने भिजली आहे, चौकशीला नीट वही लागते, तू जशीच्या तशी उतरवून दे. तुझं अक्षर फार सुरेख आहे. मला एक पेन दिलं, निळं, सोनेरी टोपणाचं. मी लिहायला बसले. तक्रारीच्या ओळीपाशी आल्यावर म्हणाला, ही नको, इथे "झडप ठीक" लिही. मी म्हटलं, बाबांनी सांगितली होती. तर म्हणाला, अगं, हीच ओळ बाबांना अडकवेल. तक्रार ठाऊक असून बॉयलर का चालवला म्हणतील. बाबांना वाचवायचंय ना?

मी तीन ठिकाणी "ठीक" लिहिलं. बाबांना वाचवत होते मी.

चौकशीत त्यांच्यापुढे वही धरली आणि विचारलं, हे अक्षर कोणाचं. बाबांना वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर चित्रासारखं ओळखायचे. म्हणाले, "माझ्या पोरीचं." त्यापुढे एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊनही मला कधी विचारलं नाही. सहा वर्षं जगले, माझ्याशी बोलायचे ते पाणी दे, दार लाव एवढंच. लोक म्हणायचे खचले. ते खचले नव्हते. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

तेव्हा मला सांभाळायचं नाटक बंद कर. गाळलेलं लिहून पाठव. आणि ती कॅसेट भर सभेत लाव, पूर्ण, माझ्यासकट. तुला नोकरीची भीती वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग. मी समजेन, पण मग पुन्हा पत्र पाठवू नकोस.

ताई


९ जुलै

ताई,

चुकलो. हे घे.

०.४८ मेव्हणा : "मग वहीत आलं कसं नाही?"
०.५१ साहेब : "वही त्याच्या पोरीच्याच हातची. बारा-एक वर्षांची होती. बाप इस्पितळात, आई तिथेच, घरी ती आणि एक धाकटा. गेलो, म्हटलं, काय सुरेख अक्षर. तिला एक पेन दिलं, धाकट्याला गोळी. तासाभरात नवी वही लिहून दिली पोरीनं. बापाचा गळा पोरीच्याच हातानं कापला."

मला वाटत होतं तुला हे ठाऊक नसेल. नकळत काहीतरी लिहून घेतलं असेल त्याने, आणि आता एकसष्टाव्या वर्षी मी तुला ते कशाला कळवू. नोकरीचा विचार एकदा आला, नाही म्हणत नाही. पण गाळलं ते तुझ्यासाठी.

ती गोळी मला आठवते. नारिंगी होती, कागद दातांना चिकटला होता. त्या दिवसांतलं मला तेवढंच आठवतं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती बाबांनी आणली होती.

आता काम सांगतो. समारंभात त्याच्या मुलाखतीची शेवटची दहा मिनिटं ऐकवायचं ग्रंथपालबाईंनीच ठरवलंय, कारण तिथे त्याने तरुणांना उपदेश केलाय. त्यासाठी परवानगी लागते. आमचा नियम असा, की बोलणाऱ्याने आपलं बोलणं पूर्ण ऐकायचं आणि मग सही करायची. फॉर्मवर छापलेलंच आहे, "मी हे ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकले आहे. ते पूर्ण ऐकवण्यास माझी हरकत नाही." परवा तो आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, ताठ, कान आपल्या दोघांपेक्षा चांगले. मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, मी त्याच्या लेखी एक गोळी होतो.

पावणेदोन तास हेडफोन लावून बसला. मान डोलावत होता. एका ठिकाणी साल चुकलंय म्हणून मला लिहून घ्यायला लावलं. बाईंचं "दोन मिनिटं शांतता" आलं तसे त्याने हेडफोन काढले.

मी म्हटलं, "साहेब, अजून दोन मिनिटं आहेत."

"शांतताच आहे ना ती?"

"बाई तसं म्हणतात. मी म्हणेन, ऐकून घ्या."

"अहो, शांतता काय ऐकायची? सही कुठे करू?"

मी फॉर्म पुढे केला, त्या छापील ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे शेवटपर्यंत ऐकलं असं लिहिलंय. पुन्हा सांगतो, शेवट राहिलाय."

"तुम्ही फार बारीक माणूस आहात," म्हणाला आणि हसत सही ठोकली.

तीनदा सांगितलं मी त्याला. बाबांनीही तीनदाच सांगितलं होतं.

समारंभ दोन ऑगस्टला, सकाळी साडेदहाला. तू येतेस का? सगळं ठरलं तरी तुझं नाव निघेल हे लक्षात घे. नाव नाही, पण पोरगी. गावातल्या जुन्या माणसांना कळेलच.

बारक्या


१५ जुलै

बारक्या,

शाबास.

मी येत नाही. तिथे बसून मला काय ऐकू येणार, आणि तो बूट न काढता आत आला तेव्हाच मी त्याचं तोंड पुरेसं पाहिलंय. तू सेकंद टाकून लिही. या वेळी गाळू नकोस.

पोरगी कळली तर कळू दे. एकोणपन्नास वर्षं मी ती झाकली आणि ती मला आतून खात राहिली. त्याच्या तोंडून निघू दे. मी केलं, पण करवून घेतलं कोणी, तेही त्याच श्वासात निघेल.

नवा शर्ट घालून जा. तो फाटक्या कॉलरचा नको.

ताई


३ ऑगस्ट

ती. ताईस,

नवा शर्ट घातला होता.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत साहेब, हार, शेजारी त्याची नात. मेव्हणा मागच्या वर्षीच गेला. श्रवणकक्षाच्या दारावर पाटी, तिच्यावर कापड. भाषणं झाली. मग मी मशीनपाशी गेलो. उपदेश आठ मिनिटं चालला, लोकांनी माना हलवल्या. त्यापुढचं असं.

०.०० बाईंचा आवाज. काही लोक टाळ्या वाजवायला लागले. ग्रंथपालबाईंनी मला हाताने खूण केली, पुरे. मी दिसलं नाही असं केलं.
०.२१ "वहीचं काही विचारलं नाही ना." टाळ्या विरल्या. साहेबाने मान वर केली. त्याला अजून कळलं नव्हतं, पण मेव्हण्याचा आवाज ओळखला.
०.३८ "तीनदा." आता कळलं. तो उठला. म्हणाला, "बंद करा ते." ग्रंथपालबाई माझ्याकडे यायला निघाल्या. मी फॉर्म खिशातून काढून त्यांच्यापुढे धरला आणि मशीनच्या आडवा उभा राहिलो. त्यांनी सही वाचली आणि जागच्या जागी थांबल्या.
०.५१ पोरगी, पेन, गोळी. नातीने विचारलं, "आजोबा, कोणाची पोरगी?" तिने त्याच्या दंडावरचा आपला हात काढून घेतला. मी ते पाहिलं, ताई, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.
१.१७ तो स्वतःचं हसणं ऐकत उभा होता.
१.२५ कपबशी. मग ती खरी शांतता, तेहतीस सेकंद. तो तेवढ्यात बाजूच्या दाराने निघाला. कोणी त्याची वाट अडवली नाही, सगळ्यांनी वाट दिली. आईला द्यायचे तशी.

मागच्या रांगेतून एक माणूस पुढे आला. स्फोटात गेलेल्या दोघांपैकी एकाचा मुलगा, आता माझ्याच वयाचा. त्याने फक्त कॅसेटचा नंबर विचारला. मी लिहून दिला. तो कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "आमच्या घरात तुमच्या वडिलांना आजवर शिव्या दिल्यात." मग म्हणाला, "त्या पोरीला सांगा, आम्ही तिला शिव्या देणार नाही." मी सांगतोय.

पाटीवरचं कापड तसंच राहिलं. संध्याकाळी शिपायाने पाटी काढून जिन्याखाली ठेवली. माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. मी खुलासा म्हणून फॉर्मची प्रत जोडली आणि सेवापुस्तिकेत वडिलांचं नाव काय ते पाहा असं लिहिलं.

सोबत एक छोटं रेकॉर्डिंग मशीन आणि एक कोरा फॉर्म पाठवतोय. लाल बटण दाबून बोल. सक्ती नाही.

बारक्या


१९ ऑगस्ट

बारक्यास,

आशीर्वाद. त्या माणसाच्या मुलाला सांग, ऐकलं मी. कान नसले तरी.

तुझं मशीन तीन दिवस कपाटावर ठेवून बघत होते. चौथ्या दिवशी दार लावलं, मागाच्या शेडमध्ये बोलायचे तशी ओरडून बोलले. शेजारच्या वहिनी धावत आल्या, वाटलं भांडण पेटलं. त्यांना परत पाठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खाट, बूट, पेन, तीन वेळा "ठीक". मी काय केलं ते आधी, त्याने काय केलं ते नंतर. बावीस मिनिटं झाली. मग तुमच्या बाईंसारखी दोन मिनिटं मशीन चालू ठेवून खोलीबाहेर गेले. त्यात काही नाही. मी परत येऊन कोणाशी बोलले नाही. तरी तू ऐक, तुझा नियमच आहे.

माझं एक काम कर. माझी कॅसेट त्याच्याच पेटीत ठेव, त्याच्या शेजारी. त्याच्या कार्डावर लिही की सोबतची आधी ऐकावी. पुढच्या शंभर वर्षांत जो कोणी साहेबाला ऐकायला मागेल, त्याला बॉयलरवाल्याच्या पोरीवरून पुढे जावं लागेल. त्याची पाटी काढली, ठीक. पण पाटी काढली की माणसं विसरतात. मला तो विसरला जायला नको आहे. जसा आहे तसा लक्षात राहायला हवाय.

फॉर्म भरून सोबत ठेवलाय. सही निळी दिसेल. ते पेन मी कधी वापरलं नव्हतं आणि फेकवतही नव्हतं. सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी होतं. गरम पाण्यात धुतलं, दुकानातून शाई आणली. अजून लिहितं. सहीखाली जागा उरली होती तिथे मी ती ओळ लिहिली आहे, बाबांनी तीन शनिवार सांगितली तशी, वहीतल्यासारखी रकान्यात. माझं अक्षर आता थरथरतं, पण वाचता येईल. कार्डावर तशीच उतरव.

झडप अडकते. साहेबांना सांगितले आहे.

ताई